दिवसाचे घड्याळ आणि मनाचा तोल
(द्विध्रुवी मनोविकार, ताणतणाव आणि विस्कटलेला दिनक्रम यांच्या संबंधाविषयी)

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात एखाद्या आजाराची शास्त्रीय माहिती सोप्या भाषेत द्यावी, या प्रथेस अनुसरून या वर्षी मनोविकार विभागाच्या वतीने आम्ही द्विध्रुवी विकार हा विषय निवडला आहे. बाह्यरुग्ण विभागात येणारे नातेवाईक त्याला ‘बायपोलर’ म्हणतात. जुन्या लेखनात ‘उन्माद-अवसाद’ असे त्याचे नाव आढळते. हा विषय निवडण्यास एक विशेष कारण आहे. या आजारात औषध ठरवणे हे डॉक्टरांचे काम असले, तरी उपचाराचा एक मोठा भाग असा आहे की तो रुग्णालयात होऊच शकत नाही. रुग्ण रोज किती वाजता उठतो, केव्हा जेवतो आणि किती वाजता अंथरुणाला पाठ टेकतो, या वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींशी त्याचा आजार निगडित आहे. हा भाग घरच्यांच्या हाती असतो, त्यास पैसा लागत नाही, आणि तरीही तो फार थोड्या कुटुंबांना कोणी समजावून सांगितलेला असतो.

आजाराचे स्वरूप

सुखदुःखाचे चढउतार प्रत्येकाच्याच वाट्याला येतात. द्विध्रुवी विकारात मात्र मनःस्थिती दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे एका टोकाला जाऊन राहते. उन्मादाच्या आवर्तनात रुग्णाला झोपेची गरजच वाटेनाशी होते. दोन-तीन तास झोपूनही तो ताजातवाना असतो. बोलणे थांबत नाही, एका विचारातून दुसरा विचार फुटतो, आपल्याला काहीही अशक्य नाही असे वाटू लागते. या भरात कोणी कर्ज काढून तीन दुकाने उघडतो, कोणी जमीन विकतो, कोणी भर बाजारात भांडण काढतो. अवसादाच्या आवर्तनात याच्या उलट घडते. उठवत नाही, जेववत नाही, कशातच गोडी राहत नाही, आणि जगणे व्यर्थ आहे हा विचार मनात घर करतो. आत्महत्येचा धोका या आजारात खरोखर मोठा आहे आणि तो घरच्यांपासून लपवून ठेवण्यात काहीच हित नाही.

दोन आवर्तनांच्या मधल्या काळात मात्र बहुतेक रुग्ण इतरांसारखेच असतात. शिक्षक, वाहनचालक, शेतकरी, परिचारिका, दुकानदार अशी सर्व प्रकारची माणसे या आजारासह आपापली कामे नीट करीत आहेत. आजाराची सुरुवात बहुधा किशोरवयात किंवा ऐन तारुण्यात होते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, आयुष्यात केव्हा ना केव्हा हा आजार झालेल्या प्रौढांचे प्रमाण सुमारे ०.५ टक्के, म्हणजे दर २०० माणसांत एक, असे आढळले. (या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, परंतु आपल्याकडचे चित्र फार वेगळे असेल असे मानण्यास कारण दिसत नाही.) त्याच सर्वेक्षणानुसार या आजाराच्या रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते.

आजाराचे मूळ कशात आहे, हा प्रश्न प्रत्येक आई-वडील विचारतात. बहुतेक वेळा आपलेच काही चुकले का, या शंकेने विचारतात. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे स्पष्ट झाले आहे. तथापि, रुग्णाच्या बहुसंख्य मुलांना हा आजार होत नाही, हेही तितकेच खरे. आई-वडिलांच्या संस्कारांतील उणिवेमुळे, करणीमुळे किंवा कुणाच्या शापामुळे तो होत नाही. ताणामुळे तो नव्याने निर्माण होतो असेही नाही. मात्र ज्याच्या ठायी हा आजार आहे, त्याचे पुढचे आवर्तन केव्हा उद्भवेल यावर ताणाचा आणि दिनक्रमाचा निश्चित परिणाम होतो.

शरीरातील घड्याळ

हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १७२९ साली द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचे रोप अंधाऱ्या जागेत ठेवून पाहिले. सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. म्हणजे वेळेचे ज्ञान रोपाच्या आतच कोठेतरी होते. पुढे अशा अंतर्गत लयी चालविणाऱ्या जनुकांचा उलगडा फळमाशीवरील संशोधनातून झाला आणि त्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. माणसात या लयींचे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या चेता जेथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या लगेच वर असते. झोप आणि जाग, शरीराचे तापमान, भूक, सकाळी वाढणारे कॉर्टिसोल आणि अंधार पडल्यावर स्रवणारे मेलाटोनिन ही संप्रेरके, हे सारे त्याच्या तालावर चालते.

या घड्याळाची एक गंमत आहे. माणसात ते सर्वसाधारणपणे किंचित मंद चालते. त्याचा दिवस २४ तासांहून थोडा मोठा असतो. जर्मनीतील यूर्गेन आशॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकापासून म्युनिकजवळ आंडेक्स येथे जमिनीखालच्या बंदिस्त खोल्यांत स्वयंसेवकांना घड्याळ, सूर्यप्रकाश व बाहेरच्या आवाजांवाचून कित्येक दिवस ठेवले. त्यांची झोप-जाग नियमित राहिली. पण त्यांचा एकेक दिवस सुमारे २५ तासांचा होऊ लागला. याचा अर्थ आपले घड्याळ रोज कोणीतरी जुळवून द्यावे लागते. हे काम मुख्यतः सकाळचा उजेड करतो. आशॉफ यांनी अशा बाह्य खुणांना जर्मन भाषेत जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘वेळ देणारा’ असा होतो.

उजेडाखेरीज आणखी कोणी वेळ देतो काय? याचे एक सुंदर उत्तर आपल्याच देशातून मिळाले. मदुराई कामराज विद्यापीठातील प्रा. एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गुहेच्या आत, जेथे उजेड पोहोचत नाही अशा ठिकाणी, वटवाघळे बंदिस्त ठेवली होती. ज्या गुहेत त्यांच्या जातीची इतर वटवाघळे मोकळी राहत होती, तेथे या बंदिवानांची हालचाल त्या थव्याच्या बाहेर पडण्याच्या आणि परतण्याच्या वेळेशी जुळलेली राहिली. ज्या गुहेत सोबतीला कोणी नव्हते, तेथे मात्र त्यांचे घड्याळ हळूहळू सरकत गेले. सूर्य न पाहता, केवळ सोबत्यांच्या येण्याजाण्यावरून ते प्राणी आपला दिवस राखत होते.

माणसाचेही बऱ्याच अंशी असेच आहे. दूधवाल्याची हाक, नळाला पाणी येण्याची वेळ, देवळातली काकड आरती, मशिदीतली पहाटेची अजान, मुलांची शाळेची बस, कारखान्याचा भोंगा, कोणासाठी तरी करावयाचा सकाळचा चहा, या सर्वांच्या आधाराने आपला दिवस उभा असतो. त्यांच्याकडे आपण घड्याळ म्हणून पाहत नाही, एवढेच.

ताण कोणत्या वाटेने येतो

अमेरिकेतील सिंडी एहलर्स, एलेन फ्रँक आणि डेव्हिड कुफर यांनी १९८८ साली एक विचार मांडला, ज्याने या आजाराकडे पाहण्याची दृष्टी बरीच बदलली. नोकरी जाणे, घरातील मृत्यू, स्थलांतर, घटस्फोट अशा घटनांनंतर मनोविकार उफाळतो, हे पूर्वीपासून माहीत होते. परंतु या घटना दुःख देतात त्याबरोबरच ‘वेळ देणारे’ही हिरावून घेतात, असे त्यांनी दाखवून दिले. पत्नी निवर्तलेल्या वृद्धाचा विचार करावा. तिच्यासोबत गेलेल्या गोष्टींत सहाचा चहा, नऊचे जेवण, संध्याकाळचे फिरणे आणि ‘आता दिवा बंद करा’ हे वाक्यही असते. नोकरी गेलेल्या माणसाचा पगार थांबतो, आणि सकाळी आठची बसही थांबते. निरोगी माणसाचे शरीर हा धक्का काही दिवसांत पचवते. ज्याच्या ठायी द्विध्रुवी विकाराची प्रवृत्ती आहे, त्याचे आतले घड्याळ मात्र सैल होते; झोप बिघडते, आणि बिघडलेल्या झोपेतून आवर्तन सुरू होते.

हा केवळ तर्क राहिला नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आवर्तनापूर्वीच्या आठ आठवड्यांत काय घडले याची रुग्णांकडून बारकाईने माहिती घेतली गेली. दिनक्रम विस्कटवणाऱ्या घटना उन्मादाच्या आवर्तनांपूर्वी अधिक प्रमाणात घडल्याचे आढळले. अवसादाबाबत हा संबंध तेवढा ठळक दिसला नाही. त्यापूर्वी, १९८७ साली, थॉमस वेहर व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे प्रतिपादन केले होते की, प्रसूती, प्रवास, शोक, आनंद, औषधे अशा निरनिराळ्या कारणांनी उन्माद होत असला, तरी त्यांतील बहुतेक वाटा शेवटी एकाच ठिकाणी मिळतात, आणि ते ठिकाण म्हणजे कमी झालेली झोप. आमच्या मते घरच्यांनी या साऱ्या शास्त्रातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ती ही ठेवावी.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण ती सहज पटत नाही. ताण म्हणजे दुःखच, असे नव्हे. शेरी जॉन्सन व सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले की एखादे मोठे ध्येय साध्य झाल्याच्या घटनांनंतर रुग्णांमध्ये उन्मादाची लक्षणे वाढतात. बढती, परीक्षेतील यश, नवे घर, निवडणुकीतील विजय, हे सर्व आनंदाचेच प्रसंग. पण त्यांच्याबरोबर जागरणे, भेटीगाठी, मिरवणुका आणि उत्तेजना येते. म्हणून वाईट बातमीनंतर रुग्णाची जेवढी काळजी घेतली जाते, तेवढीच चांगल्या बातमीनंतरही घेतली जावी.

पहिली काही आवर्तने एखाद्या मोठ्या ताणानंतर येतात आणि पुढची कारणावाचूनच येऊ लागतात, असे निरीक्षण एमिल क्रेपेलिन यांनी शतकापूर्वी नोंदवले होते. रॉबर्ट पोस्ट यांनी १९९२ मध्ये त्यास ठिणगीने पेटत जाणाऱ्या लाकडाच्या उपमेसारखे शास्त्रीय रूप दिले. पुढील अभ्यासांत यावर मतभेद झाले आहेत. ते पूर्णपणे खरे असो वा नसो, पहिल्या आवर्तनानंतरची वर्षे सांभाळण्याची असतात यात आम्हांस शंका नाही.

आपल्याकडचे दिवस आणि रात्री

परदेशी ग्रंथांत विमानप्रवासामुळे होणाऱ्या घड्याळाच्या घोटाळ्याविषयी पुष्कळ लिहिलेले असते. आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांतही, लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाऊन आलेल्या एखाद्या आईंच्या बाबतीत ते लागू पडते. परंतु आमच्या बहुसंख्य रुग्णांची रात्र दुसऱ्याच कारणांनी मोडते.

साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की कामगाराची पाळी ठरावीक दिवसांनी बदलते. एका आठवड्यात रात्रभर जागायचे आणि पुढच्या आठवड्यात पहाटे हजर व्हायचे. शरीराचे घड्याळ एका पाळीशी जुळते न जुळते तोच दुसरी लागते. ज्या भागात कृषिपंपांना रात्रीच वीज मिळते, तेथे शेतकरी मध्यरात्री पिकाला पाणी देण्यास जातो. पुण्या-मुंबईतील संगणक क्षेत्रातील तरुण परदेशी ग्राहकांच्या वेळेनुसार रात्र काढतो. बारावीचा विद्यार्थी मार्चपूर्वी पहाटे तीनपर्यंत जागतो आणि सर्वजण त्याचे कौतुक करतात. २०२० च्या टाळेबंदीत तर शाळा, कचेरी, बाजार, देऊळ हे सारे ‘वेळ देणारे’ एकाच वेळी बंद झाले होते. दिवस आणि रात्र यांतला भेद घराघरांत पुसट झाला.

सणांविषयी लिहिताना आम्ही जपून लिहितो, कारण श्रद्धेला धक्का देण्याचा आमचा हेतू नाही. गणपतीचे दहा दिवस, विसर्जनाची रात्रभर चालणारी मिरवणूक, नवरात्रातील जागर, कोजागरी, गावची जत्रा, या सर्व गोष्टींत रुग्णाने भाग घेऊच नये असे आम्ही म्हणत नाही. आरतीला यावे, दर्शन घ्यावे, प्रसाद घ्यावा. पण दहा-साडेदहाला घरी परतावे. मंडळाचा कार्यकर्ता असलेल्या तरुणाला हे सांगणे जड जाते, याची आम्हांस कल्पना आहे. अशा वेळी मंडळातील एखाद्या मित्रालाच विश्वासात घेतल्यास तो सकाळच्या पूजेची जबाबदारी रुग्णाकडे देऊन रात्रीची दुसऱ्या कोणाकडे देऊ शकतो. यात त्याचा मानही राहतो आणि झोपही.

लग्नाविषयी मात्र आम्हांस अधिक स्पष्टपणे लिहावेसे वाटते. ‘लग्न करून दिले की सुधारेल’ हा सल्ला अजूनही गावागावांत दिला जातो, आणि देणारी माणसे प्रेमापोटीच तो देतात. परंतु लग्नाइतके झोप आणि दिनक्रम मोडणारे दुसरे निमित्त शोधून सापडणार नाही. खरेदी, पाहुण्यांनी भरलेले घर, हळदीची रात्र, वरात, देवदर्शन, गोंधळ; त्यापुढे नवे घर, नवी माणसे, नव्या वेळा. त्यातच आजार दडवून ठेवला असेल तर गोळ्याही लपवाव्या लागतात. सासूबाईंच्या हाती पाकीट लागेल या भीतीने नव्या नवरीने औषध माहेरीच ठेवून दिले आणि दोन महिन्यांच्या आत ती उन्मादाच्या अवस्थेत आमच्याकडे आणली गेली, असे प्रसंग आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिले आहेत. मग दोन्ही घरांत फसवणुकीचा आरोप, माहेरी परत पाठवणे, आणि यात तिच्या आजारापेक्षाही तिच्या नशिबाची चर्चा. आजार असलेल्या व्यक्तीने लग्न करू नये असे आमचे मत मुळीच नाही. तिची प्रकृती पुरेसा काळ स्थिर असावी, जोडीदाराला आधी खरे सांगितलेले असावे, समारंभ लहान व दिवसाचा असावा, आणि लग्नाच्या आठवड्यात तिच्या झोपेची जबाबदारी घरातील एका व्यक्तीने नावानिशी घेतलेली असावी, एवढेच आमचे सांगणे आहे.

प्रसूतीनंतरचे दिवस या आजारात सर्वाधिक जोखमीचे असतात. पूर्वी आजार झालेल्या स्त्रीस बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तीव्र आवर्तन येण्याचा संभव फार वाढतो. संप्रेरकांतील अचानक बदल आणि तान्ह्या बाळामुळे तुटणारी झोप ही दोन्ही त्यास कारणीभूत असतात. सव्वा महिन्याच्या विश्रांतीची आपली जुनी रीत या बाबतीत उपकारक आहे, पण विश्रांती म्हणजे रात्रीची सलग झोप, हा अर्थ तीत आवर्जून घातला पाहिजे. रात्रीचे एखादे दूध पाजण्याचे काम आजीने किंवा वडिलांनी वाटी-चमच्याने करावे, म्हणजे आईस पाच-सहा तास सलग झोपता येईल. कोणते औषध गर्भारपणात व अंगावर पाजताना चालते, हे दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. व्हॅल्प्रोएट हे या आजारात वापरले जाणारे औषध गर्भास हानी पोहोचवते. म्हणून मूल होण्याच्या वयातील स्त्रियांनी त्याविषयी आधीच बोलून घेणे फार महत्त्वाचे आहे. मात्र कोणतीही गोळी आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये.

पहिली खूण

उन्मादाची सुरुवात ओळखणे अवघड असते, कारण ती आजारासारखी दिसत नाही. अनेक महिने उदास पडून राहिलेला मुलगा एके दिवशी पहाटे चारला उठतो, अंगण झाडतो, जुने मित्र जोडतो, धंद्याच्या योजना सांगतो. वडील आनंदाने आम्हांला म्हणतात, “डॉक्टर, पोरगा आता चांगला कामाला लागलाय!” त्या आनंदावर पाणी घालणे आमच्या जिवावर येते. पण चार तास झोपूनही थकवा नसणे, हे सुधारणेचे लक्षण नव्हे. बरा होत असलेला माणूस अधिक झोपतो, निदान वेळेवर झोपतो. सलग दोन रात्री झोप नेहमीपेक्षा स्पष्टपणे कमी झाली आणि तरीही उत्साह वाढतच असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी संपर्क साधावा. या टप्प्यावर औषधात केलेला लहानसा बदल अनेकदा पुढचा मोठा प्रसंग टाळतो.

अशा वेळी घरी काय करावे? दिवे लवकर मंद करावेत, दूरचित्रवाणी व मोबाइल रात्री नऊनंतर दूर ठेवावेत, पाहुण्यांना नम्रपणे नकार द्यावा, चहा-कॉफी दुपारनंतर बंद करावी आणि वाद घालू नये. अंधाराचा उपयोग हा केवळ अनुभवाचा भाग नाही. नॉर्वेमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत, उन्मादग्रस्त रुग्णांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत निळा प्रकाश अडवणारे नारिंगी चष्मे दिले असता, आठवड्याभरात त्यांची लक्षणे साधे चष्मे घातलेल्यांपेक्षा बरीच अधिक कमी झाली. मात्र असा उपाय औषधाऐवजी करावयाचा नसतो.

अवसादाच्या काळात याच्या उलट धोरण हवे. रुग्णाला दुपारी बारापर्यंत पडू देण्याने त्याचे घड्याळ आणखी सरकते. त्याला हळुवारपणे ठरलेल्या वेळी उठवावे, सकाळच्या उजेडात बसवावे, जमेल तेवढे चालवावे. केवळ ‘डिप्रेशनच्या’ गोळ्या कोठून तरी आणून देऊ नयेत. द्विध्रुवी विकारात त्या एकट्या दिल्यास काही रुग्णांत उन्माद उफाळतो.

लिथियम, पाणी आणि मीठ

दिनक्रमाचे महत्त्व वाचून कोणी औषध सोडू नये, म्हणून औषधाविषयी थोडे लिहितो. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादावर लिथियम या क्षाराचा उपयोग दाखवला. पाऊणशे वर्षांनंतरही ते या आजारातील सर्वांत भरवशाचे औषधांपैकी एक आहे, आणि आत्महत्येचा धोका कमी करण्यात त्याचा उपयोग विशेष मानला जातो. आश्चर्याची गोष्ट अशी की शरीराच्या घड्याळातील एका महत्त्वाच्या विकरावर लिथियम काम करते. म्हणजे औषध आणि दिनक्रम हे दोन्ही बहुधा एकाच यंत्रणेला निरनिराळ्या बाजूंनी हात लावतात.

लिथियमची योग्य मात्रा आणि अपायकारक मात्रा यांत अंतर थोडे असते. म्हणून रक्तातील प्रमाण तपासावे लागते. नमुना शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी देतात. त्याबरोबर थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्याही वेळोवेळी कराव्या लागतात. आपल्याकडे याला उपवासांची जोड मिळते. शरीरातले पाणी किंवा मीठ कमी झाले की लिथियम रक्तात साठू लागते. हरतालिकेचा निर्जळी उपवास, अळणी व्रत, रमजानचे रोजे, मे महिन्यातील उन्हात शेतातील काम, जुलाब-उलट्या, या सर्व वेळी धोका संभवतो. आषाढीच्या वारीला जाणाऱ्या रुग्णांना आम्ही नाही म्हणत नाही. दिंडीत उठण्या-चालण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, ही तर जमेची बाजूच. पण गोळ्या जवळ ठेवणारा सोबती, भरपूर पाणी आणि राहुटीतील झोप, या तीन अटी आम्ही घालतो. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. त्यांनीही लिथियम वाढते. हात फार थरथरणे, चालताना तोल जाणे, जीभ जड होणे, गुंगी येणे, उलट्या-जुलाब होणे, यांपैकी काही दिसल्यास पुढची गोळी न देता रुग्णास तत्काळ रुग्णालयात आणावे.

पाच वेळांचा तक्ता

एलेन फ्रँक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग येथे दिनक्रम व नातेसंबंध यांवर आधारलेली एक समुपदेशन-पद्धती तयार केली. १७५ रुग्णांवरील त्यांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधांच्या जोडीला, आजार तीव्र असतानाच ज्यांना हे समुपदेशन मिळाले, त्यांचा पुढच्या आवर्तनापर्यंतचा निरोगी काळ अधिक लांबला. आणि ज्यांचा दिनक्रम जितका नियमित झाला, तितका त्यांना लाभ झाला. या पद्धतीत वापरला जाणारा संक्षिप्त तक्ता आम्ही मराठीत करून घेतला आहे. त्यात रोज फक्त पाच वेळा लिहावयाच्या असतात : अंथरुणातून उठण्याची, दुसऱ्या माणसाशी पहिल्यांदा बोलण्याची, कामास, शाळेस वा घरकामास लागण्याची, रात्रीच्या जेवणाची आणि झोपण्याची. आम्ही त्यास सहावा रकाना जोडला आहे, औषधाचा.

सुरुवातीला दोन आठवडे काहीही न बदलता केवळ लिहावयाचे असते. मग त्यांतील एकच वेळ निश्चित करावयाची, आणि ती बहुधा उठण्याची असावी. कारण झोप आज्ञेने येत नाही, पण उठणे ठरवता येते. पाऊण तासाचा मागेपुढेपणा चालतो. रविवारही यास अपवाद नाही, हे ऐकून अनेकजण नाराज होतात. पाळी बदलणाऱ्या कामगारांना, त्यांची संमती असल्यास, आम्ही कायमच्या दिवसपाळीसाठी वैद्यकीय शिफारस देतो. काही व्यवस्थापनांनी ती मान्य केली आहे, काहींनी केलेली नाही.

विश्वस्त आणि देणगीदार यांना या विभागाविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. हृदयरोग किंवा क्ष-किरण विभागात देणगीच्या नावाची पाटी लावता येईल असे यंत्र असते. आमच्याकडे तसे काही नाही. आपल्या देणगीतून येथे लिथियमची रक्ततपासणी गरजू रुग्णास विनामूल्य होते, एसटीचे भाडे नसल्याने तारीख चुकवणाऱ्यास प्रवासखर्च मिळतो, आणि तारखेला न आलेल्या रुग्णाच्या घरी समाजसेविका दूरध्वनी करते. हा दूरध्वनी हाच आमच्या विभागातील सर्वांत उपयोगी खर्च आहे, असे आमचे मत आहे. ‘बरे वाटते म्हणून गोळी सोडली’ हे वाक्य तिला आठवड्यातून अनेकदा ऐकू येते, आणि त्यानंतरच्या दहा मिनिटांच्या संभाषणावर पुष्कळ काही अवलंबून असते.

दिनक्रमाचा तक्ता मनोविकार बाह्यरुग्ण विभागात विनामूल्य मिळतो. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी सूर्य, भाकरी आणि अंथरूण यांच्या चित्रांचा वेगळा तक्ता आहे. त्यावर घरातील शाळकरी मुलांनी खुणा केल्या तरी चालतात. रुग्णालयाच्या वेळेबाहेर सल्ला हवा असल्यास ‘टेली-मानस’ ही शासनाची २०२२ मध्ये सुरू झालेली सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे. जीव देण्याची भाषा, सलग रात्री झोप नसणे किंवा लिथियमच्या अपायाची वर सांगितलेली लक्षणे असल्यास मात्र दूरध्वनीत वेळ न घालवता रुग्णास जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावे आणि येताना त्याचा तक्ता व गोळ्यांची पाकिटे बरोबर आणावीत.